बर्फ घासलेलं नाणं

आमच्या घरात चांदीची वस्तू आली की ती उजळूनच परत जायची. पैंजण सांधायला येऊ दे, नाहीतर करंड्याचं झाकण बसवायला. हे आपलं काम करायचे आणि वस्तू माझ्या पुढ्यात सरकवायचे. मग रिठ्याचं गरम पाणी, पितळी ब्रश आणि शेवटी ओप द्यायचा गुळगुळीत दगड. उजळणं फुकट. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. त्यांचं काय जात होतं, मनगटं माझी गेली.

हे म्हणजे झुंबर सोनार, माझे यजमान. नाशकात सराफ बाजाराच्या मागच्या बोळात बसून चाळीस वर्षं ह्यांनी टाक घडवले, म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचे चांदीच्या पत्र्यावरचे कुलदेव. चेहरा कोरावा तो ह्यांनीच, असं गिऱ्हाईक म्हणायचं. नव्वद साल उलटलं आणि छापाचे टाक आले. एका दाबात एक खंडोबा तयार. ह्यांच्याकडे डागडुजी तेवढी उरली. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं काढलं की म्हणायचे, "बघू दिवाळीनंतर." किती दिवाळ्या आल्या नि गेल्या. मीही विचारायचं सोडलं.

दोन हजार चार साली पावसाळा सरता सरता खातूनबी आली. ही कोकणीपुऱ्यातली मणेरीण. माझा लग्नाचा चुडा तिच्या सासूनं भरला होता, पुढच्या सगळ्या बांगड्या हिनं. त्या दिवशी टोपली नव्हती. पदराच्या गाठीतून तिनं चांदीचं नाणं काढलं. तिच्या नईमनं वर्षापूर्वी पाठवलेलं. एकुलता पोरगा, स्वित्झर्लंडला कुठल्याशा हॉटेलात स्वयंपाकाला गेला त्याला चार वर्षं झाली होती. महिन्याकाठी एक फोन, तोही घाईघाईत.

नाण्यावर आल्प्सची टोकदार शिखरं होती, त्यांवर पांढुरकं बर्फ, आणि केसाएवढ्या बारीक दोरावर लटकलेला रोप-वेचा पाळणा.

"ह्यात बसून रोज वर कामाला जातो म्हणे," खातूनबी पाळण्यावर नख टेकवून म्हणाली. "झुंबरभाऊ, भोक नका पाडू. भोवती वेढा घालून कडी लावा. गळ्यात राहील."

ह्यांनी संध्याकाळी वेढा घातला, नाणं माझ्या पाटावर ठेवलं आणि चहाला गेले. मी बघितलं तर नाण्याची मोकळी, सपाट जमीन आरशासारखी लख्ख आणि डोंगर मात्र निस्तेज. म्हटलं, एवढ्या लांबून आलंय, मळ धरला असेल. घासलं. मळ हटेना तसा दगड घेतला आणि दोन्ही अंगठ्यांचा जोर लावला. शिखरं चमकली तेव्हा मला चांगलं समाधानही वाटलं. अकलेचे दिवे पाजळायला मला कोणी सांगितलं होतं?

हे आले, भिंग लावलं आणि नाणं उजेडात फिरवून बघितलं. मग म्हणाले, "सखू, ते बर्फ होतं."

दोर पुसला गेला होता. पाळण्याच्या जागी नुसता चपटा ठिपका. ते पांढुरकेपण टाकसाळीतच मुद्दाम दिलेलं असतं, हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. तिच्याजवळ पोराचं म्हणून तेवढंच होतं आणि ते मी घासून टाकलं होतं.

"मी सांगते तिला," मी म्हटलं.

"थांब जरा."

दोन वर्षं मिटून ठेवलेली कोरायच्या कलमांची पेटी त्यांनी उघडली. सकाळी दहा ते बारा खिडकीत ऊन यायचं, तेवढ्याच वेळात काम. डोळ्यांतून पाणी गळायचं, ते बाहीला पुसायचे आणि पुन्हा वाकायचे. असे तीन दिवस. दोर नि पाळणा पुन्हा कोरला, आणि बर्फासाठी त्यांनी टाकावरच्या देवीच्या लुगड्याला मारतात तेच बारीक ठिपके ठोकले. त्या डोंगरांना जरीचं लुगडं नेसवल्यासारखं दिसत होतं. मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

चौथ्या दिवशी खातूनबी आली. हे आधीच बोलून मोकळे झाले, "माझ्या हातून बिघडलं होतं, दुरुस्त केलंय."

"ह्यांनी नाही, मी घासलं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे, वहिनी. भाऊंनी दगड कधी हातात धरलाय?" तिनं नाणं उन्हात धरलं आणि डोळे बारीक केले. "ह्यात हे कोण बसलंय?"

मी वाकून बघितलं. पाळण्याच्या खिडकीत ज्वारीच्या दाण्याएवढा चेहरा होता. दोन डोळे, सरळ नाक, टाकावर असतो तसा.

हे ओशाळले. "सवय हो. चेहऱ्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही. आता डोळ्यांनी नीट दिसलंही नाही. खोडून देऊ का?"

तिनं पाळण्यावरून हलकेच अंगठा फिरवला. मग कडीत काळा दोरा ओवला आणि नाणं गळ्यात घातलं.

"खोडू नका, भाऊ," ती म्हणाली. "वर्षभर रिकामाच पाळणा बघत होते. नमाजात अंगावर चेहरा चालत नाही, तेवढ्यापुरतं काढून ठेवीन."