रिकाम्या फोटोंतली सिंहीण

डॉ. शरयू केळुसकर यांची आणि माझी पहिली भेट कॅनडातल्या ग्वेल्फला, त्यांच्या प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर झाली. खरं सांगायचं तर मी तेव्हा झोपले होते. इंटरव्ह्यूला आलेली मुलगी चक्क घोरते आहे हे पाहूनही त्यांनी मला उठवलं नाही. शेजारी बसून आपली कागदपत्रं वाचत राहिल्या. जाग आल्यावर मी "सॉरी मॅडम" म्हणत धडपडून उभी राहिले, तर माझ्या अंगावरचा दुकानाचा एप्रन पाहून म्हणाल्या, "बस गं. मॅडम नको, ताई म्हण. ग्रोसरीत पहाटेची शिफ्ट का?" आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्तच्या गौरवग्रंथासाठी हा लेख. मी आता कॅनडातच, रेजिना शहरात नोकरी करते, अजूनही दमलेलीच असते. "आई, जस्ट राइट शी वॉज काइंड," म्हणजे त्या मायाळू होत्या एवढंच लिही, असं लेकीनं सुचवलं. तेवढ्यावर भागणार नाही.

ताईंचं काम आपणा सर्वांना ठाऊक आहे. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ मैदानात पाऊस सरकेल तसे विल्डबीस्ट नावाच्या थोराड हरणांचे आणि झेब्र्यांचे कळप सरकतात. मग त्यांच्यावर जगणाऱ्या सिंहांनी काय करायचं, हा ताईंचा जन्माचा प्रश्न. बहुतेक सिंह कळपांमागे जात नाहीत, आपल्या हद्दीत थांबतात, कोरड्या दिवसांत बरगड्या दिसेपर्यंत उपास काढतात, असं त्या वर्षानुवर्षं मांडत आल्या. "जागा सोडली की दुसरे घुसतात. आणि पिल्लांना घेऊन चालणार तरी किती?" असं त्या आम्हाला समजावत.

तिथे झाडांना बांधलेले कॅमेरे आपोआप फोटो काढत. प्रत्येक फोटोत काय दिसतं ते नोंदवणं हे आम्हा विद्यार्थ्यांचं काम. काय सांगू, डोकं उठायचं! वाऱ्यानं गवत हललं तरी फोटो. गवत, पुन्हा गवत, परत गवतच. ताईंची ताकीद एकच होती, न पाहता 'रिकामा' लिहायचं नाही.

मी लिहिलं. पहाटेपासून दुकानात खोकी उचलून आले होते, दुपारी डोळे मिटत होते, आणि समोर एका सिंहिणीच्या हद्दीतले कोरड्या महिन्यांचे फोटो होते. पहिले काही पाहिले, सगळे रिकामे. उरलेल्या सगळ्या गठ्ठ्याला मी एका झटक्यात 'रिकामा' म्हणून टाकलं आणि घरी जाऊन झोपले.

त्या सिंहिणीवर ताईंनी अनेक वर्षं नजर ठेवली होती. माझ्या नोंदींत ती कुठेच नव्हती. मग त्यांनी शोधनिबंध लिहिला की ही सिंहीण कळपांमागे निघून गेली, आणि सिंहांबद्दलचं आपलं जुनं म्हणणं तपासून पाहायला हवं. भर सभेत त्यांनी ते वाचून दाखवलं. माझ्या आळसाला पुरावा मानून ताईंनी स्वतःचं आयुष्यभराचं म्हणणं बाजूला ठेवलं होतं, आणि मी टाळ्या वाजवत होते.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या स्वतःच्या कामासाठी मी तेच फोटो उघडले. सिंहीण तिथेच होती. डावा कान फाटलेला, पोट खपाटीला गेलेलं, सोबत एक पिल्लू. ती अख्खा मोसम तिथेच होती.

मी रडतच ताईंच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शिफ्ट कितीला सुरू व्हायची तुझी?"

"चारला."

"मग चूक माझी. दमलेल्या पोरीला काम दिलं आणि तपासलं नाही."

"ताई, चूक माझी होती असं माझं नाव घालून कळवा ना."

"वेडी आहेस का? तुला अजून इथे कायमचं राहायला पीआरला अप्लाय करायचंय, नोकरी शोधायचीय. माझं काय व्हायचं राहिलंय? आधी भात खा, मग खाली बेसमेंटमध्ये जाऊन झोप."

ताईंनी निबंध मागे घेतला. 'नोंदी तपासण्यात माझ्याकडून कसूर झाली,' एवढंच त्यांनी कळवलं. वय झालं, आता गोंधळ होतो त्यांचा, असं लोक बोलले. आपल्यातलेही बोलले, आणि मी ते ऐकत समोरचा चहा पीत राहिले. निवृत्तीच्या समारंभातही कुणीतरी त्यावरून थट्टा केली, तेव्हा ताई सगळ्यांसोबत हसल्या. मला मात्र आजही त्याची लाज वाटते.

या ग्रंथासाठी काय लिहू, असं गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या चकल्यांवर लिही. ते दुसरं काही काढू नकोस, शपथ आहे." ताई, शपथ मोडते आहे. इतकी वर्षं गप्प राहूनही थकायला होतं.

संपादकांना हात जोडून विनंती, छापून होईपर्यंत हा लेख ताईंना दाखवू नये, त्या खोडतील. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे राहोत, मैदानावर पुन्हा एकदा जाणं होवो. आणि यापुढे जितकी वर्षं त्या आपल्यात असतील, तितकी वर्षं ती चूक माझ्या नावावर असो. माझं नाव वैशाली पाटणकर.