नदीवरच्या गावातलं शेवटचं घर

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पलटण आसामच्या पूर्व टोकाला होती. सेक्शनमध्ये मराठी बोलणारे दोघेच. मी हुद्द्याने नाईक, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमधला. दुसरा शिपाई रामाजी ढोमणे, भिलाईजवळच्या मरोद्याचा. त्याचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून पोलाद कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे अवजड लोखंड उंचावर चढवणारे कामगार, झाले होते. रामाजीनेही भरतीपूर्वी वर्षभर त्यांच्या हाताखाली परांचीवर काम केलं. वडिलांनी त्याला एक नियम घालून दिला होता. नव्या फळीवर टाच दोनदा आपटायची, आवाज ऐकायचा, मगच अंगाचा भार टाकायचा.

आमच्या गस्तीच्या वाटेवर नदीत खांबांवर उभं असलेलं एक जुनं गाव होतं. जाड लाकडी खांब, त्यांवर बांबूची जमीन, एका घरातून दुसऱ्या घरात जायला बांबूचे पूल. घरांच्या खाली होड्या बांधलेल्या. पायताण शिडीपाशी काढून हलक्या पावलाने वर जायचं, असा तिथला रिवाज. पहिल्या भेटीत रामाजीने बूट काढले, पण गावच्या मुखियाच्या घरात शिरताना टाच आपटलीच. मुखियाची सून तोंडावर हात धरून हसली.

"कावून ठोकून राहिला बे?" मी विचारलं. "पडला तरी खाली पानीच हाय."

"पान्यालेच भेतो ना, भाऊ. पोहता कोनाले येते?"

मुखियाने आम्हाला भात आणि मासे वाढले.

आठ दिवसांनी सकाळी साडेदहाला चौकीवर खबर आली. फौजेला जेवू घातलं म्हणून हत्यारबंद टोळीने मुखियाला मारलं होतं. गाव काठावर पळालं होतं. सून आणि तिची दोन मुलं शेवटच्या घरात अडकली होती.

हवालदार बिष्ट आम्हा सहा जणांना घेऊन निघाले. अकरा वीसला दोन होड्या गावाला लागल्या. पहिल्या पुलावर मुखिया पडला होता. मान जवळजवळ तुटलेली. आम्ही त्याला ओलांडतो तोच पलीकडच्या काठावरून फायर आला. बिष्टांचा खांदा फुटला. ते खांबाला टेकून बसले आणि एका हाताने पुढे बोट दाखवलं.

"ढोमणे, नाईक, आख़िरी घर. औरत-बच्चे निकालो. बाकी कवर फायर."

बूट काढायला वेळ नव्हता. रामाजी पुढे होता. दारातली जमीन अर्धी जळाली होती. तो थांबला आणि टाच दोनदा आपटली.

जमिनीखालून स्टेनगनच्या गोळ्यांचा बर्स्ट आला. बांबू फुटले. गोळ्या रामाजीच्या मांडीतून पोटात गेल्या. सुनेला न्यायला कोणी येईल म्हणून दोघे जण खाली खांबांच्या मध्ये होडीत दबा धरून बसले होते. वर माणूस नेमका कुठे उभा आहे, ते त्यांना आवाजाने कळलं.

मी पालथा पडलो, फटीतून रायफल खाली घातली. पहिली गोळी एकाच्या तोंडात बसली. दुसऱ्याने वर बर्स्ट मारला, माझ्या कानाची पाळी गेली. तिसऱ्या गोळीला तो पाण्यात पडला.

सून चुलीमागे होती. जमीन वाजू नये म्हणून ती सकाळपासून हलली नव्हती. धाकट्याचं तोंड तिने हाताने दाबून धरलं होतं.

"भाऊ, लेकरं ने," रामाजी म्हणाला.

"तुले घेऊनच जातो."

"पाय नाही हालत माहे. पह्यले लेकरं ने ना."

मी तिघांना खालच्या, टोळीच्याच होडीत उतरवलं आणि खांबांच्या आडून मागे पोचवलं. परत आलो तेव्हा अकरा सत्तेचाळीस झाले होते. रामाजी गेला होता. त्याचं रक्त फटींतून खाली नदीत ठिबकत होतं. मी वायरलेसवर कळवलं, "सिव्हिलियन तीन, सेफ. ओन ट्रूप्स किल्ड, वन. ओव्हर."

रजेवर आलो तेव्हा मरोद्याला गेलो. त्याचे वडील कामावर निघायच्या तयारीत होते.

"गोळी कुठं लागली?"

"पोटात, काका."

"दुश्मन दिसला नाही का त्याले?"

"जमिनीखाली होता. आमी लेकरं काढाले गेलो होतो."

टाच आपटल्याचं मी सांगितलं नाही. ते हयात होते तोवर कुठे लिहिलंही नाही.

"आन् ते लेकरं?"

"दोघंबी वाचले. मायबी वाचली."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ते डब्याचं झाकण लावत राहिले. नीट बसत नव्हतं. मी हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला.

"वाचले नं," ते म्हणाले आणि सायकल काढली.