चादरीच्या ग्राफवर मांडलेली गाडी

आधी अक्कांचं सांगतो, गाडीचं मागून. लोक गाडीबद्दलच विचारतात, आणि मी बोलायला लागलो की अक्का राहूनच जातात.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्या घराच्या माडीवर मी भाड्यानं राहतो, त्या घराच्या त्या मालकीण. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. चादरीच्या कारखान्यासाठी त्यांनी उभा जन्म ग्राफ भरले. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो, एकेक चौकोन रंगवून. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या मागावर चढवायच्या. पुढं ते काम कॉम्प्युटरवर गेलं आणि अक्का घरी बसल्या. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. आज गॅरेजात लांबलांबून लोक मला शोधत येतात, ते अक्कांमुळं.

मी गोंदियाकडचा. गावातला एक जण इथल्या गॅरेजात होता, त्याच्या मागं आलो. तो वर्षभरात परत गेला, मी राहिलो. सुरुवातीला मी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की सगळं गॅरेज हसायचं. हळूहळू हसणं थांबलं. धास्ती मात्र गेली नाही, की कुणीतरी एक दिवस इंग्रजी कागद पुढ्यात टाकील आणि म्हणेल, वाच. नव्या गाड्या यायला लागल्या तशी मालकांनी स्कॅनर आणि लॅपटॉप घेतला. जुने मिस्त्री त्याला हात लावेनात, म्हणून तो माझ्याकडं आला. अर्धं मोबाईलवर बघून शिकलो, अर्धं चुकत चुकत.

मग त्या उन्हाळ्यात ती गाडी आली. डाळिंबाच्या एका व्यापाऱ्याची टर्बो सेडान, गडद निळी, रस्त्याला चिकटून चालणारी. त्यांना तिची ताकद वाढवायची होती. इंटरनेटवरून काढलेली दोन पानी यादी त्यांच्या हातात होती: मोठा टर्बो, नवा एक्झॉस्ट, नवा एअर फिल्टर, इंजिनच्या कॉम्प्युटरचं रीमॅपिंग, म्हणजे त्यातले आकडे बदलणं. म्हणाले, "यातलं काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं, ते तुम्ही ठरवून द्या. पटलं तर हितंच करू. न्हायतर पुण्याला नेतो."

ते गेल्यावर मालक माझ्याकडं वळले. "ऐकलंस न्हवं? शनिवारपर्यंत सगळं कागदावर मांड. हे जमलं तर असली कामं हितंच सुरू करू. न्हाय जमलं तर लॅपटॉप विकतो आणि तू परत ग्रीसगन धर. काय बे?"

मी "हो" म्हणालो.

दोन दिवस व्हिडिओ बघितले. सगळे गोऱ्या लोकांचे, कुणाच्या अंगात जाड कोट, कुणाच्या मागं बर्फ. त्यांनी सांगितलेला क्रम मी जसाच्या तसा उतरवला. पहिल्या क्रमांकावर मोठा टर्बो. गुरुवारी मालकांना तोंडी सांगूनही टाकलं, आणि त्यांनी पार्टवाल्याला फोन लावायची तयारी केली.

पण मनाला स्वस्थता नव्हती. आदल्या दिवशी भर दुपारी बायपासच्या रिकाम्या पट्ट्यावर गाडी पळवून स्कॅनरवर नोंदी घेतल्या होत्या. लागोपाठ तीनदा पूर्ण जोर दिला होता. त्याचे आकडे छापून आणले होते, वीसेक पानं. त्यात काहीतरी आहे असं वाटायचं आणि दिसायचं काहीच नाही. शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या आधी पायरीवर ती पानं पसरून बसलो होतो. अक्का पाणी भरून आल्या.

"काय करायलास रे बाबू? परीक्षा हाय का?"

"परीक्षाच समजा, अक्का."

त्यांनी एक पान डोळ्यांजवळ धरलं. "अय्यो! हे असं नुसतं वाचून काय कळणार रा? आकडे वाचायचे नसतात, भरायचे असतात." आत गेल्या आणि पेटीतून पिवळट पडलेला चौकटीचा कागद घेऊन आल्या. अंथरायच्या चटईएवढा. सोबत तीन रंगीत पेन्सिली. "एका रंगाला एकच काम द्यायचं. कशाला कुठला, ते तू सांग."

इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान तांबडं. टर्बोचा दाब हिरवा. आणि ठिणगी किती लवकर पडते ते निळं, कारण ती उशिरा पडायला लागली की इंजिन जपून चालायला लागतं आणि ताकद घटते. अक्कांच्या खोलीत कागद जमिनीवर अंथरला आणि वेळ आडवी धरली. मी आकडा वाचायचा, अक्कांनी चौकोन भरायचा. मी दोनदा ओळ चुकलो तर म्हणाल्या, "असला कामगार आमच्या कारखान्यात दुपारपर्यंत पण टिकला नसता." मालकांना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

कागद भरला. मी नाक लावून बघत होतो.

"जवळनं काय बघायलास? भिंतीला लाव. आता लांब हो. अजून. पार दारात जा."

ग्राफमधली चूक त्या अशीच शोधायच्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून. मी दारात गेलो. अक्का शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडलेलं पाहिलं नव्हतं. पण म्हणाल्या, "हा तांबडा वर चढला की निळा खाली बसायलाय. पहिल्या खेपेला थोडा, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला पार झोपला. हिरवा हाय तिथंच हाय. तुझ्या गाडीला ताप येतो का रे?"

तेव्हा मला कळलं. गाडीत ताकद कमी नव्हतीच. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तिला थंड करायला पुढं इंटरकूलर म्हणून जाळी असते. कंपनीची ती जाळी सोलापूरच्या उन्हाला पुरी पडत नव्हती. हवा तापली की इंजिन स्वतःला वाचवायला आखडतं. मोठा टर्बो बसवला असता तर हवा आणखी तापली असती. बर्फातल्या माणसांना ही अडचण कशी असेल? आणि मी त्यांचं उतरवून मोकळा झालो होतो!

गॅरेजात जाऊन मालकांना सांगितलं, कालचं चुकलं, टर्बो मागवू नका.

"काल एक, आज एक? माणूस हायस का फिरता पंखा?"

"मालक, काल मी नक्कल केली होती. आज बघितलंय."

त्यांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "उद्या त्यांच्यासमोर बोलायचं तू. मी न्हाय."

शनिवारी व्यापारी आले, सोबत पुण्याचा एक मित्र. मी गाडीच्या पुढच्या काचेवर तो कागद चिकटवला. मित्रानं चष्मा वर केला. "हे काय? चादरीचं डिझाइन आणलंय का?" सगळे हसले, मालकसुद्धा. माझे कान तापले. मला इंग्रजीतून काही सांगता आलं नसतं, म्हणून सांगितलंच नाही. व्यापाऱ्यांना म्हटलं, "साहेब, जरा सात-आठ पावलं मागं या आणि फक्त तांबडा आणि निळा बघा."

ते मागं गेले. डोळे बारीक करून बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे तर माझं रोजचं दुखणं हाय की. हायवेवर पहिल्या ट्रकला ओव्हरटेक मारून जातो. दुसऱ्याला गाडी जीव गेल्यागत होती. मला वाटायचं पेट्रोलच भेसळीचं."

मग मी माझा क्रम सांगितला. आधी मोठा इंटरकूलर, आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ साफ. मग ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर, कारण थांबता आलं पाहिजे. मग नवे प्लग. सगळ्यात शेवटी रीमॅप, तेही बेतानं. टर्बो आहे तोच. मित्रानं चारपाच प्रश्न टाकले. दोहोंची उत्तरं दिली, उरलेल्यांना "माहीत नाही, मोजून सांगतो" म्हणालो. तो परत हसला नाही.

इंटरकूलर बसला त्या दिवशी मुद्दाम टळटळीत दुपार निवडली. शेजारी व्यापारी, मागं मालक. पहिली खेप गेली. दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला पाय दाबताना मी चक्क श्वास धरून होतो. गाडीनं पहिल्यासारखाच पाठीत धक्का दिला. मागून मालक ओरडले, "लई भारी बे!" रीमॅप अजून व्हायचा होता आणि व्यापारी म्हणत होते, ही गाडी मी घेतली तेव्हासुद्धा अशी पळाली नव्हती. परत आल्यावर मालकांनी दुसऱ्या एका टर्बो गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. हिचं काम पण तुझंच, म्हणाले. त्या संध्याकाळी आईला फोन करून नुसतंच "जमलं" म्हणालो. काय जमलं ते तिला कळलं नाही, तरी रडली.

नवा ग्राफ घेऊन अक्कांकडं गेलो. तो मी एकट्यानं भरला होता. त्यांनी भिंतीला लावायला सांगितला, दारातून बघितला. तांबडा जवळजवळ सपाट, निळा ताठ. "बॉर्डर सरळ आली," एवढंच म्हणाल्या, आणि मला चहा केला. चहा पिताना विचारलं, "ही गाडी किती लांब जाते रे?" म्हटलं, कुठंही. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांचं गाव तेलंगणात आहे. लहानपणी एकदा नेलं होतं. घरासमोरची विहीर आठवते, गावाचं नाव आठवतं, पुन्हा जाणं झालं नाही.

अक्का, तुम्ही मराठी वाचत नाही, तेव्हा हे मीच तुम्हाला वाचून दाखवणार आहे. माझी स्वतःची गाडी होईल. जुनी असेल, चालेल. इंजिन मी उघडीन, इंटरकूलर मी बसवीन, तिचा ग्राफ तुमच्यासमोर भरीन. आणि तुम्हाला पुढच्या सीटवर बसवून त्या विहिरीपर्यंत नेईन. भर उन्हाळ्यात निघालो तरी वाटेत कुठं थांबावं लागणार नाही.