आईचं तिकीट

सोळा माणसांना घेऊन परदेशातल्या थीम पार्कात जायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आम्ही तर अजून निघालोही नव्हतो. नुसतं ठरवण्यातच मी मेटाकुटीला आले होते.

सिंगापूरची टूम दादाच्या मुलांनी काढली. "तू बघशील ना गं सगळं?" असं वहिनीने विचारलं, म्हणजे सांगितलंच. मी लग्न केलं नाही, परळला आईबरोबर राहते, आणि आमच्या घरात एकटा माणूस म्हणजे मोकळा माणूस. बारशाचा हॉल असो, गणपतीला गावी जायची तिकिटं असोत, डॉक्टरचा नंबर लावणं असो, सगळं फिरून माझ्याच गळ्यात येतं. नोकरी मीही करते, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

तर मी यादी केली. कोण कोणाबरोबर झोपणार, कोणाला एसी सोसत नाही, कोण गुरुवारी मासे खात नाही. पार्कचा दिवस मंगळवार ठरला, तिकिटं निघाली, आणि मग वहिनीने कॅलेंडर उघडलं. त्या दिवशी अंगारकी. उपास चंद्रोदयाला सोडायचा, पण चंद्र कुठला धरायचा, मुंबईचा की सिंगापूरचा? ग्रुपवर दोन दिवस हाच घोळ चालला. धाकट्या भावाने विचारलं, पाळण्यात उलटं लटकलं तर उपास मोडतो का. सगळे हसले. मला हसूसुद्धा आलं नाही. उपासाचं काय खायला मिळेल ते शोधायचं काम शेवटी माझंच होतं.

या सगळ्यात आई काही बोलत नव्हती. ती पंच्याहत्तरीची. दादरला जाऊन तिने पांढरे बूट आणले होते आणि रोज सकाळी आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ती फेऱ्या मारायची. "तिकडे खूप चालायला लागतं म्हणे," एवढंच सांगितलं. उभ्या जन्मात ती परळहून निघाली ती फक्त गावी. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "ते उंचावरून पाण्यात येतं ना, त्यात मला बसवतील काय गो?" मी म्हटलं, बघू. दिवसभर मी सगळ्यांना तेच म्हणत होते.

निघायला बारा दिवस होते. रविवारी दुपारी ट्रॅव्हल एजंटकडच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या मदरचं तिकिटावर एक नाव आहे आणि पासपोर्टवर दुसरंच. विमानात नाही बसवणार असं."

मला आधी कळेचना. मग कळलं. आई लग्नाआधीच इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली होती. लग्नात माझ्या वडिलांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, आणि सासरी, चाळीत, लग्नपत्रिकांवर तेच चाललं. पण नोकरीचे कागद माहेरच्या नावाचेच राहिले. पगार, पेन्शन, बँक आणि आता पासपोर्ट, सगळं त्याच नावाने. पासपोर्टच्या ऑफिसात तिला मीच घेऊन गेले होते. आणि तरी यादीत मी घरातलंच नाव टाकलं. सोळा जणांची नावं टाकताना हात थांबलासुद्धा नाही.

नाव बदलून मिळणार नव्हतं. ते तिकीट फुकट. आमच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या कंपनीचं एक विमान होतं, आमच्या चार तास आधी पोचणारं.

संध्याकाळी सगळे घरी जमले. माझी चूक मी सांगितली. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादा म्हणाला, "जाऊ दे ना. तसंही आईला तिकडे झेपलं नसतं." वहिनी म्हणाली, "खरंच, उगाच दगदग." त्यांच्या आवाजातला सुटकेचा सूर मला ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. एक माणूस कमी. विमानतळावरची एक व्हीलचेअर, एक गोळ्यांचा डबा, एक काळजी कमी. हे लिहिताना आजही लाज वाटते.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"त्या दुसऱ्या विमानात जागा आहे ना?" तिने विचारलं.

"आहे. पण आई, आम्ही कोणीच नसणार त्यात," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "थांब, मी येते तुझ्याबरोबर. माझं तिकीट जाऊ दे फुकट."

"तू कशाला? तू गेलीस तर ह्या चौदा जणांना कोण हाकणार?" ती शांतपणे म्हणाली. "मी जाईन एकटी."

दादा उठलाच. "आई, वेड लागलंय का? चार तास तिकडे एकटी बसणार? परक्या देशात?"

आईने पदराला हात पुसले. ती त्याच्यावर कधी चिडत नाही, तेव्हाही चिडली नाही.

"गिरणी बंद पडली तेव्हा तू सातवीत होतास," ती म्हणाली. "तुमचे बाबा दोन वर्षं घरात बसून होते. तेव्हा त्या पासपोर्टवरच्या नावाने मी रोज एकटीच ड्युटीला जात होते. नाइटलासुद्धा. तेव्हा तुमच्यातलं कोणी म्हणालं नाही, आई, एकटी कशी जाशील."

दादा खाली बसला. वहिनी उगाचच चहाचे कप गोळा करायला लागली.

मी मोबाइल घेऊन आईजवळ जाऊन बसले. जागा शोधली, फॉर्म उघडला. नावाच्या रकान्याशी आल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. तिने आतून पासपोर्ट आणून माझ्यासमोर धरला, आणि मी एकेक अक्षर बघून तिचं नाव भरलं. चुकू नये म्हणून दोनदा तपासलं.

"खिडकीची मिळते का बघ," ती म्हणाली.