वरच्या मजल्यावरचं पाणी

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा खाली थोरल्या दिरांच्या घरात मुलीचं लग्न निघालेलं होतं. म्हणून दवाखान्यातून त्यांना थेट वर, आमच्याकडे आणलं. खुर्चीत बसवून जिन्यावरून उचलून नेलं. लग्न उरकलं की खाली नेऊ असं ठरलं होतं. लग्न उरकलं, मुलगी नांदायला गेली, आणि तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. मीही काढला नाही. माझं आत्यांशी चांगलं जमायचं.

आमचं गाव मंचरच्या अलीकडे, हायवेपासून आत. घर सासऱ्यांनी बांधलेलं. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. नवरा पिकअप चालवतो, शेतकऱ्यांचा कांदा-बटाटा मार्केटला पोचवतो. मी कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटे निवडायला जाते. मुलगी शिकायला पुण्यात असते. नळाचं कनेक्शन घराला एकच. त्यातूनच खालचा हौद भरायचा आणि त्यातूनच वर आमची टाकी.

पूर्वी पाणी आपसूक वर चढायचं. सकाळी नळ सुटला की टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकूनच मी उठायचे. मग गावात नवी घरं झाली, भाडोत्री आले, आणि धार बारीक होत गेली. आधी करंगळीएवढी, मग पेन्सिलीएवढी, मग नुसतं ठिबकणं. नवऱ्याने प्लंबर आणला. त्याने जुना लोखंडी पाइप कापला तर आत गंज आणि क्षार साचून बोट शिरेना. पाइप बदलला. थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं.

पाणी सोडणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी गावच्या टाकीतनं रोजच्याएवढंच सोडतो, वहिनी. गल्लीत सगळ्यांनी लायनीवर डायरेक्ट मोटरी लावल्यात. तुमच्यापर्यंत येतंय कुठं?"

खरंच होतं ते. कुणी मोटर चालू केली की आमचा नळ पाणी द्यायचं सोडून हवा ओढायला लागायचा. तोंडाशी तळहात धरला तर तो चिकटून बसायचा.

एकदा मी सकाळी नळाखाली बादली लावून उभी होते. धार बारीक, पण येत होती. तेवढ्यात पायाखालून घुर्रर्र आवाज आला आणि धार तुटली. आवाज आमच्याच घरातून, खालून येत होता.

नवरा खाली गेला. मी जिन्यात उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

"दादा, मोटर कधी लावली?"

"लावली की. सगळ्यांनीच लावल्यात. आमी न लावून काय, कोरडं बसायचं? तू पण लाव."

आम्हीही लावली. एकाच पाइपवर दोन मोटरी. दोघी एकमेकींच्या तोंडचं पाणी ओढायच्या. आमची वर होती, तिला पाणीच मिळेना. ती कोरडी फिरत राहिली आणि जळाली. घरभर वास सुटला होता.

त्यानंतर मी खालच्या हौदातून पाणी आणायला लागले. जाऊबाई नाही म्हणाल्या नाहीत. "न्या की, मी कुठं नको म्हणते?" असं म्हणायच्या, पण मी हंडा बुडवायला लागले की दारात येऊन उभ्या राहायच्या. सकाळी कामावर जायच्या आधी एक फेरी, आल्यावर पुन्हा. हंडा डोक्यावर, कॅन हातात. आमचा जिना बाहेरून आहे आणि त्याच्या पायऱ्या उंच.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाणी किती लागतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. डायपरने आत्यांच्या मांड्या सोलवटल्या होत्या, म्हणून मी जुन्या सुती साड्यांची फडकी करून वापरायचे. फडकी, चादरी, गोधडी, रोज अंग पुसणं. स्वयंपाकाचं पाणी त्यापुढे काहीच नव्हतं. मी त्यांच्यासमोर कधी कुरकुर केली नाही. पण हंडा उतरवल्यावर लागलेली धाप कुठे लपवणार? त्यांची खाट दाराजवळच होती.

उन्हाळ्यात एका रविवारी जाऊबाई तणतणत वर आल्या. हातात कुरडयांचं ताट होतं, कुरडया भिजून चिकट झालेल्या.

"पाणी न्हाई म्हणून गावभर रडायचं आणि वरनं वाया घालवायचं! काल दुपारी माझ्या वाळवणावर कुणी वतलं?"

"काल दुपारी मी कामावर होते, ताई. हे पिकअपवर. वर ओतायला होतंच कोण?"

"मंग आभाळातनं पडलं का? परवा पण भिंत वली व्हती खिडकीखाली."

"मग काय आत्या उठून ओततात?" मी ओरडले. "ज्या बाईला कूस बदलता येत नाही तिच्यावर घेता?"

शब्दाला शब्द वाढत गेला. मी मोटरीचं काढलं, त्यांनी लग्नातलं काहीतरी काढलं. आवाज ऐकून दोघे भाऊ आले आणि तेही भांडले. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेनासा झाला. मी हौदावर जायचं बंद केलं आणि शेजारच्या मळ्यातल्या बोअरवरून पाणी आणायला लागले. ते आणखी लांब होतं. आत्या त्या सगळ्या भांडणात भिंतीकडे मान वळवून डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं, झोप लागली असावी.

पावसाळा लागला तेव्हा त्यांना ताप भरला. आधी अंगावर काढला. मग त्या असंबद्ध बोलायला लागल्या, मला त्यांच्या आईच्या नावाने हाक मारायला लागल्या. लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी. पिकअपच्या मागे गादी टाकून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेतलं.

"दिवसभरात पाणी किती पितात?"

"कामावर जाताना उशाशी तांब्या भरून ठेवते. संध्याकाळी रिकामा असतो."

"शक्य नाही," ते म्हणाले. "शरीरात पाणीच नाही त्यांच्या. बरेच दिवस कमी पीत असणार. लघवीत जंतू वाढलेत आणि किडन्यांवर आलंय."

सलाइन लागलं. ताप उतरल्यावर आत्या शुद्धीवर आल्या. त्यांचं बोलणं झटक्यानंतर जडावलं होतं, सवयीने फक्त मलाच कळायचं. मी खाटेच्या कडेला बसून विचारलं, "आत्या, उशाशी पाणी ठेवायचे, त्याचं काय करायचात?"

त्यांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वतायची. खिडकीतनं."

दाराजवळची ती खाट खिडकीलाही लागून होती आणि त्यांचा डावा हात चांगला होता.

"का पण?"

"पेलं की व्हतंय. व्हतंय मंग तू धुतीस. त्याला खालनं आणतीस." मग म्हणाल्या, "डोईवर हंडा घिऊन चढ चढायचा म्हंजे काय, मला ठावं हाय पोरी."

आत्यांचं माहेर तळेघरच्या बाजूला, डोंगरात. उन्हाळ्यात झऱ्यावर जाऊन वाटीवाटीने हंडा भरायचा आणि तो घेऊन वर वाडीत यायचं, हे त्या मला पूर्वी सांगायच्या, हसतहसत.

मागे जाऊबाई डबा घेऊन उभ्या होत्या. भांडणानंतर पहिल्यांदाच आल्या होत्या.

"काय म्हणल्या आत्याबाई?" त्यांनी विचारलं.

मला सांगावं लागलं. "तुमच्या वाळवणावर पाणी त्यांनीच ओतलं होतं. पिण्याचं. धुणं कमी पडावं म्हणून."

जाऊबाईंनी डबा खाली ठेवला आणि त्या तिथेच फरशीवर बसल्या.

नंतरचे दिवस वाईट गेले. लघवी जवळजवळ थांबली, पाय सुजले, मग चेहरा. डायलिसिस त्यांच्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता पाणी मोजूनच द्यायचं, नाहीतर ते फुप्फुसात भरेल. आणि नेमकी तेव्हाच आत्यांना तहान लागायला लागली. इतके महिने दाबून ठेवलेली तहान जणू एकदम वर आली. "पाणी दे गं. घोटभर दे." दिवसभर तेच. मी कापूस भिजवून ओठांवरून फिरवायचे तर त्या तो चोखायला बघायच्या. एकदा जाऊबाईंनी न राहवून बाटली उघडली. मी त्यांचा हात धरला. दोघींच्या हातात ती बाटली, आणि आत्या बघत होत्या. शेवटी जाऊबाईंनी हात सैल सोडला.

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती. आम्ही दोघीही त्यांच्यापाशी होतो. नवरा चहा आणायला खाली गेला होता. जाऊबाईंनी मग त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते ओठांच्या कडेने उशीवर ओघळलं.

घरी आणल्यावर अंगणात आंघोळ घातली. थोरले दीर स्वतः हौदातून बादल्या भरून आणत होते. पुरे म्हटलं तरी आणत राहिले. भरलेल्या बादल्या रांगेने तशाच उभ्या राहिल्या आणि माणसं त्यांना वळसा घालून ये-जा करत होती.

तेराव्यानंतर दीर वर आले. नवऱ्याच्या समोर बसले, पण त्याच्याकडे न बघता म्हणाले, "लायनीवरची मोटर काढतो. दारात मोठी टाकी करू जमिनीत, दोघांची. येईल तसं पाणी त्यात पडंल. तिथनं वर चढवू."

नवरा म्हणाला, "आधीच करता आलं असतं, दादा."

"आलं असतं," दीर म्हणाले. दीर चहा न घेता उठले.

दिवाळीच्या आधी टाकी झाली. गल्लीतल्या बाकीच्या मोटरी आहेत तशाच आहेत, पण थेंब थेंब का होईना, टाकी भरते. पहिल्यांदा पाणी वर चढवलं त्या दिवशी मी कामावर गेले नव्हते. आत्यांची खाट काढलेल्या जागी फडक्यांचा ढीग अजून तसाच होता, धुऊन घडी घातलेला. तो कुणाला द्यायचा आणि कुठे टाकायचा हे मला कळत नव्हतं. मोरीतला नळ खोकला, थोडा लाल गढूळ फवारा उडाला, आणि मग पाणी जोरात, पांढरं फेसाळत आलं. बादली बघताबघता भरून वाहू लागली.

खालून जाऊबाईंनी हाक मारली, "आलं का गं वर?"

मी नळ बंद केला.

"आलं," मी म्हटलं.