सोलांनी घासलेल्या शिवराया

मंडळी, सकाळी नाण्यांच्या ग्रुपवर मी टाकलेला फोटो बघून ज्यांनी ज्यांनी लिहिलंत, त्या सगळ्यांचे आभार. बोर्लीतलं दुकान बंद करून आत्ता घरी टेकलोय. अंगात त्राण नाही, तरी लिहितो.

झालं असं, की माझ्या शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, काल टेबलावरच राहिल्या. आईने सकाळी ती सोलकढीच्या उरलेल्या सोलांनी घासून देवाच्या ताम्हनासारखी लखलखीत केली. "पार काळी पडली व्हती रे," म्हणाली. जुन्या नाण्याची किंमत ज्यावर असते, तो काळा रंग यायला किती पिढ्या गेल्या, ते तिला कसं सांगू?

ओरडायचाही कंटाळा आला. घासलेल्या नाण्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि दुकानात गेलो.

दुपारी बघतो तर उत्तरांवर उत्तरं. कधी न भेटलेली माणसं, पण एकही जण हसला नाही. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडी करा, तेल लावू नका, कागदी पाकिटात ठेवा. रंग परत धरेल, फक्त वर्षं जातील.

एका काकांनी तर व्हॉइस मेसेज पाठवला. सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, "आईला बोलू नका हं. माझी नाणी सगळी छान काळी आहेत. घासणारं कोणी उरलं नाही घरात."

आणि आत्ता आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "कपाटातली पण काढून ठेव, उद्या घासते. ठेवतोस ना?"

काय सांगू तिला?