जमिनीला कान लावणारे दाजी

जमिनीशी बोलणारा माणूस उभ्या पवनाकाठाला एकच होता, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. आमचे दाजी! पिंपरी-चिंचवडच्या माळावर नवे कारखाने यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. पाया घालण्याआधी खालचा कातळ अखंड आहे की भंगलेला, हे सांगायचं काम दाजींकडे. एका टोकाला लहानसा सुरुंग उडवायचा आणि पुढे ओळीनं मातीत रोवलेल्या डब्यांनी त्याचा हादरा टिपायचा. अखंड कातळातून हादरा सुसाट येतो, भंगलेल्या पट्ट्यातून रखडत येतो. शास्त्र एवढंच, पण दाजींनी ते घरातही आणलं. जेवताना विचारायचे, "भाजी उरलीय का गं?" अक्का क्षणभर थांबली की म्हणायचे, "उत्तर उशिरा आलं, म्हणजे पातेलं रिकामं." माझ्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि हे मांडवाचा खांब ठोकून बघत होते.

एकदा कुरुळीच्या रानात डबे रोवताना मी बरोबर होतो. रानाचा मालक बांधावर येऊन उभा राहिला.

"काय राव, सोनं हाय व्हय खाली?"

"नाही हो. भेग शोधतोय."

"त्येला येवढं डबं कशाला? भेग माझ्यात न् थोरल्यात हाय. चला, दावतो."

दाजींनी गंभीरपणे वही उघडली आणि विचारलं, "किती खोल?" तो बिचारा बांधावर बसून तासभर सांगत राहिला आणि दाजी ऐकत राहिले. त्या दिवशी काम शून्य.

सुरुंगाच्या बाबतीत मात्र त्यांचा दुसऱ्या कुणावर काडीचा विश्वास नव्हता. वात स्वतः पेटवणार आणि सगळ्यात जवळ स्वतःच उभे राहणार. सांगून सांगून आमची तोंडं दुखली. व्हायचं तेच झालं. हळूहळू दाजींचीच उत्तरं उशिरा यायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि उरलंसुरलंही जाईल म्हणून सांगितलं. परतताना दाजी मला म्हणाले, "कामाचं काही नाही रे, हादऱ्याच्या कागदावर उमटलेल्या रेघा डोळ्यांनीच वाचायच्या असतात. पण हिची हाक ऐकू आली नाही, तर मी त्या घरात असून काय उपयोग?" तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

पुढच्या दिवाळीत देहूरोडहून त्यांच्याकडे गेलो. दाजी भुईवर बसून पेपर वाचत होते. दारातून तीन हाका मारल्या, पण मान वर नाही. तेवढ्यात अक्का मुसळ घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि तिनं ते जमिनीवर दोनदा आपटलं.

"चहा झाला वाटतं," दाजी पेपरातूनच म्हणाले.

मी बघतच राहिलो. अक्कानं मग मुसळ अगदी हलक्या हातानं, जेमतेम टेकवल्यासारखं, आणखी एकदा आपटलं. दाजींनी हसत मान वर केली, तर दारात मी!

"हे कशाचं गं?" मी विचारलं.

"ते तुला कशाला?" अक्का म्हणाली, आणि दाजींनी पेपर तोंडावर ओढून घेतला.